सुदान ब्लॉक आणि सुदानचे झेंडे

खडकवासल्याला एनडीएत तीन वर्षं काढली आणि सुदान ब्लॉक माहीत नाही, असा माणूस सापडायचा नाही. लाल दगडाची, कमानींची, वर घुमट असलेली ती इमारत म्हणजे अकादमीचं प्रशासकीय मुख्यालय. सायकलींच्या स्क्वाडमध्ये तिच्यासमोरून आम्ही किती वेळा गेलो असू याची गणती नाही. पण हिचं नाव सुदान का, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. पुढचं पीटी, पुढचा क्लास, पुढचं मस्टर यापलीकडे डोकं चालत नसे.

तो प्रश्न पडला वीसेक वर्षांनी, नाईलच्या काठावर. दक्षिण सुदानमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आमची बटालियन होती आणि माझं ठिकाण होतं मलाकाल. श्वेत नाईलच्या काठचं हे एके काळचं मोठं, व्यापारी गाव. मी गेलो तेव्हा निम्मंअधिक गाव मोडलेलं होतं. जमीन अगदी आमच्या परभणीकडची, काळी, चिकट. पाऊस पडला की बुटाला दोन-दोन किलोचा चिखल आणि गाड्या जागच्या जागी. आमच्या कॅम्पला लागूनच विस्थापितांची छावणी होती.

त्या छावणीत एक निवृत्त शिक्षक राहत. शिल्लुक जमातीचे, सत्तरीच्या आसपासचे. सगळे त्यांना 'उस्ताझ' म्हणत, म्हणून मीही उस्ताझ म्हणू लागलो. छावणीतल्या मुलांना ते प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली शिकवत. आम्ही वह्या-खडू पोहोचवायला गेलो, की बसवून घेत आणि खूप गोड काळा चहा देत. एकदा मी त्यांना सांगितलं की मी ज्या अकादमीत शिकलो, तिथल्या मुख्य इमारतीचं नाव सुदान ब्लॉक आहे. ते हसले आणि म्हणाले, "कुठला सुदान?"

मला उत्तर देता आलं नाही. मग त्यांनी माझी डायरी मागून घेतली, मुलांचे रंगीत खडू घेतले आणि एका पानावर एकाखाली एक चार झेंडे काढले. ते पान आजही माझ्याकडे आहे. आजचा लेख त्या चार झेंड्यांचा.

पण पहिल्या झेंड्याआधी, सुदानला स्वतःचा झेंडाच नव्हता तो काळ थोडा पाहू.

1881 साली मुहम्मद अहमद या धर्मपुरुषानं स्वतःला महदी जाहीर केलं आणि तुर्क-इजिप्शियन राजवटीविरुद्ध उठाव केला. 26 जानेवारी 1885 रोजी खार्तुम पडलं, जनरल गॉर्डन मारला गेला. महदीच्या फौजेत तुकड्यांची ओळख निशाणाच्या रंगावरून होती. त्यातलं काळं निशाण सर्वांत मोठं. हा काळा रंग लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे. 2 सप्टेंबर 1898 ला ओमदुर्मानच्या लढाईत किचनरनं महदींचं राज्य मोडलं.

त्याच महिन्यात मलाकालच्या उत्तरेला, नदीच्या पश्चिम काठावर फाशोदा इथं एक प्रसंग घडला. आज त्या गावाला कोडोक म्हणतात. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघालेला फ्रेंच अधिकारी मारशां मूठभर शिपायांनिशी जुलैत तिथं पोहोचला होता आणि त्यानं फ्रान्सचा झेंडा लावला होता. किचनर गनबोटी घेऊन आला. त्यानं फ्रेंच झेंड्याला हात लावला नाही, ब्रिटिश झेंडाही लावला नाही. थोड्या अंतरावर इजिप्तचा झेंडा लावला, म्हणजे फ्रान्सचा थेट अपमानही नको आणि हक्कही सुटायला नको. या झेंड्यांपायी ब्रिटन आणि फ्रान्स युद्धाच्या उंबरठ्यावर आले, आणि अखेर डिसेंबरात फ्रेंच निघून गेले. फाशोदा ही शिल्लुक राजाची, म्हणजे उस्ताझच्या लोकांची राजधानी. जमीन त्यांची, आणि झेंड्यांचं भांडण पॅरिस-लंडनचं. त्यांना कोणी विचारलंही नाही.

1899 च्या करारानं ब्रिटन आणि इजिप्त यांचं संयुक्त राज्य आलं आणि सरकारी इमारतींवर दोन्ही झेंडे शेजारी शेजारी फडकू लागले. कारभार अर्थात ब्रिटिशांचाच.

या राजवटीला पहिलं मोठं आव्हान दिलं ते एका फौजी माणसानं. अली अब्द अल-लतीफ हा लष्करातला अधिकारी. वडील नुबा पर्वतातले, आई दक्षिणेतल्या डिंका जमातीची. त्याच्या संघटनेचं नाव होतं श्वेतध्वज संघ, आणि पांढऱ्या कापडावर नाईलचं चित्र हे तिचं निशाण. ऑगस्ट 1924 मध्ये खार्तुमच्या मिलिटरी स्कूलचे कॅडेट या चळवळीच्या बाजूनं रस्त्यावर उतरले. नोव्हेंबरात सुदानी पलटणींच्या काही तुकड्यांनी बंड केलं. ते तोफा लावून चिरडलं गेलं. हा पांढरा रंगही लक्षात ठेवा.

आता आपल्याकडचा धागा. जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरली आणि जुलैत तिनं सुदानच्या सीमेवरचं कसाला आणि गल्लाबात घेतलं. सुदानमध्ये तेव्हा फौज फारच थोडी. मदतीला आधी 5 वी आणि मग 4 थी भारतीय डिव्हिजन आली. जानेवारी 1941 मध्ये कसाला परत मिळालं आणि आपल्या पलटणी एरिट्रियात शिरल्या. केरेनच्या उभ्या कड्यांवर त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लढल्या. 27 मार्चला केरेन पडलं. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीही त्या डोंगरांवर होत्या. केरेन या लढाईचा मान आपल्याकडच्या जुन्या मराठा घरांतून आजही अभिमानानं सांगितला जातो. गल्लाबातच्या पलीकडे, गोंदरच्या रस्त्यावर खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी चार दिवस सलग सुरुंग काढले. 55 मैलांत 15 सुरुंगक्षेत्रं. गाडी सुरुंगावर दोनदा उडाली, कानाचा एक पडदा फाटला, पण त्यांनी काम दुसऱ्याकडे दिलं नाही. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी.

या कामगिरीबद्दल 1941 साली सुदान सरकारनं भारताला स्मारकासाठी एक लाख पौंड दिले. फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार भारताच्या वाट्याला आले आणि त्यातून आमचा सुदान ब्लॉक उभा राहिला. 30 मे 1959 रोजी सुदानच्या राजदूतांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पैसे दिले तेव्हाचं 'सुदान सरकार' म्हणजे दोन परक्या झेंड्यांखालचं सरकार होतं, हे लक्षात घ्यायला हवं. उद्घाटनाला मात्र राजदूत आले ते स्वतंत्र देशाचे, आणि त्यांचा झेंडा होता उस्ताझनी माझ्या डायरीत काढलेला पहिला झेंडा.

त्या झेंड्याच्या आधीची एक गोष्ट भारतातही सांगितली जाते आणि सुदानातही. एप्रिल 1955 मध्ये बांडुंगला आशिया-आफ्रिकेतल्या 29 देशांची परिषद भरली. सुदान अजून स्वतंत्र नव्हता, पण इस्माईल अल-अझहरी शिष्टमंडळ घेऊन गेले होते. देशाला झेंडाच नाही, तर जागेवर लावायचं काय? पंडित नेहरूंनी खिशातला पांढरा रुमाल काढून त्यावर 'सुदान' लिहिलं, अशी ती गोष्ट. परिषदेत सुदानच्या जागी पांढऱ्या कापडावर लाल अक्षरात नाव लिहिलेला झेंडा होता, एवढं खरं. भारताशी त्यांचा संबंध तेव्हा ताजा होता. 1953 ची सुदानची पहिली संसदीय निवडणूक आपले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली झाली होती.

1 जानेवारी 1956 ला खार्तुमच्या राजवाड्यावरचे दोन्ही परके झेंडे उतरले. गॉर्डन पडला ती हीच जागा. पंतप्रधान अल-अझहरी आणि विरोधी पक्षनेते मुहम्मद अहमद महजूब यांनी मिळून नवा झेंडा चढवला. निळा, पिवळा, हिरवा, असे तीन आडवे पट्टे. निळा नाईलचा, पिवळा वाळवंटाचा, हिरवा शेतीचा. हे रंग सुचवण्याचं श्रेय अस-सरिरा मक्की अस-सूफी या शिक्षिका-कवयित्रीला दिलं जातं.

उस्ताझ म्हणाले की लहानपणी शाळेत ते याच झेंड्यासमोर उभे राहत. मी तो पानावर बराच वेळ पाहिला. त्यात कोणाचा धर्म नाही, वंश नाही, राजा नाही, पक्ष नाही. पाणी, वाळू आणि पीक. अरब म्हणू शकतो हा माझा, डिंका म्हणू शकतो हा माझा, नुबा पर्वतातला शेतकरीही म्हणू शकतो हा माझा. नव्या देशाला यापेक्षा शहाणा झेंडा क्वचितच मिळाला असेल.

पण नुसत्या शहाण्या झेंड्यानं भागत नाही. हा झेंडा चढण्याच्या साडेचार महिने आधीच, 18 ऑगस्ट 1955 ला, दक्षिणेत तोरितला सैनिकांनी बंड केलं होतं. ब्रिटिशांच्या रिकाम्या होणाऱ्या सुमारे 800 जागा सुदानी लोकांना देण्यात आल्या, त्यात दक्षिणेच्या वाट्याला बोटावर मोजण्याइतक्या आल्या. वरिष्ठ उत्तरेचे, हुकूम उत्तरेचे, आणि आता पलटणही उत्तरेला हलवणार ही बातमी. जवानाचा आपल्या अधिकाऱ्यावरचा विश्वास उडाला की काय होतं, हे या ब्लॉगच्या फौजी वाचकांना मी सांगायला नको. तिथून जे युद्ध पेटत गेलं, ते 1972 च्या अदिस अबाबा करारापर्यंत चाललं.

दुसरा झेंडा आला तो हे युद्ध चालू असतानाच. 25 मे 1969 ला कर्नल जाफर निमेरीनं सत्ता घेतली. इजिप्तमध्ये नासर, लिबियात त्याच वर्षी आलेला गद्दाफी आणि इकडे निमेरी, असा अरब ऐक्याचा जमाना होता. 20 मे 1970 रोजी सुदाननं निळा-पिवळा-हिरवा उतरवला आणि लाल, पांढरा, काळा पट्टा व काठीकडे हिरवा त्रिकोण असा झेंडा घेतला. हे अरब राष्ट्रवादाचे चार रंग. सुदाननं त्यांना आपले अर्थ दिले: लाल म्हणजे हुतात्म्यांचं रक्त, पांढरा म्हणजे शांतता आणि 1924 चा श्वेतध्वज संघ, काळा म्हणजे महदीचं निशाण आणि खुद्द देशाचं नाव (अरबीत 'सुदान'चा मूळ अर्थ काळ्या लोकांचा मुलुख), हिरवा म्हणजे इस्लाम आणि शेती.

अर्थ वाचायला सुंदर आहेत. पण दक्षिणेतल्या माणसाच्या जागी उभं राहून पाहा. तो अरब नाही, बहुतेक वेळा मुसलमानही नाही. पहिल्या झेंड्यात त्याची नदी होती. दुसऱ्यात नदी गेली. आणि जो पांढरा पट्टा श्वेतध्वज संघाची आठवण म्हणून ठेवला, त्या संघाचा नेता एका डिंका बाईचा मुलगा होता, हे शाळेत किती जणांना शिकवलं गेलं असेल? उस्ताझ तेव्हा शिक्षक म्हणून नुकतेच लागले होते. हे रंग फळ्यावर काढून मुलांना त्यांचे अर्थ पाठ करून घेणं हे त्यांचं काम. एका मुलानं विचारलं, "यात नाईल कुठे आहे?" त्यांनी त्याला गप्प बसवलं. "ते मी करायला नको होतं," एवढंच ते मला म्हणाले.

1983 साली निमेरीनं दक्षिणेची स्वायत्तता मोडली आणि सप्टेंबरात शरियतचे कायदे लागू केले. त्याआधी मे महिन्यात बोर इथली पलटण बंड करून बसली होती. कर्नल जॉन गारांग हे सुदानी लष्करातलेच अधिकारी, अमेरिकेतून डॉक्टरेट घेतलेले. ते बंडवाल्यांना मिळाले आणि एसपीएलए ही फौज उभी राहिली. दुसरं युद्ध 22 वर्षं चाललं. त्यात सुमारे 20 लाख माणसं लढाईनं, उपासमारीनं, रोगराईनं गेली असा अंदाज आहे.

उस्ताझच्या पानावरचा तिसरा झेंडा याच चळवळीचा: काळा, लाल, हिरवा पट्टा, मध्ये पांढऱ्या रेघा, काठीकडे निळा त्रिकोण आणि त्यात सोनेरी तारा. काळा म्हणजे इथली माणसं, लाल म्हणजे सांडलेलं रक्त, हिरवा म्हणजे जमीन, पांढरा म्हणजे शांतता, तारा म्हणजे राज्यांची एकजूट. आणि निळा? निळा म्हणजे नाईल. 1970 साली गेलेली नदी झेंड्यात परत आली. नवल असं की ज्या चळवळीचा हा झेंडा, तिचे नेते गारांग स्वतः फाळणीवादी नव्हते. 'नवा सुदान' ही त्यांची कल्पना अखंड सुदानची होती. जानेवारी 2005 मध्ये शांतता करार झाला आणि 30 जुलैला ते हेलिकॉप्टर अपघातात गेले. जानेवारी 2011 च्या सार्वमतात 98.83 टक्के लोकांनी वेगळं होण्याचा कौल दिला. 9 जुलै 2011 ला जुबामध्ये गारांग यांच्या समाधीस्थळी हा झेंडा चढला. आपले उपराष्ट्रपती हमीद अन्सारी त्या समारंभाला हजर होते. उस्ताझ मलाकालच्या रस्त्यावर नाचले होते. "या वयात," असं म्हणून ते स्वतःच हसले.

पुरती अडीच वर्षंही गेली नाहीत. 15 डिसेंबर 2013 च्या रात्री जुबात राष्ट्राध्यक्ष सल्वा कीर आणि रिएक मचार यांच्या बाजूचे सैनिक एकमेकांवर उठले आणि आग देशभर पसरली. दोन्ही बाजूंच्या गणवेशावर एकच झेंडा होता. मलाकाल कित्येकदा या हातातून त्या हातात गेलं. लोक पळाले ते शांतिसेनेच्या कॅम्पकडे, आणि फाटकं उघडली गेली. पुढच्या काळात अशा छावण्यांत दोन लाखांहून जास्त माणसं राहिली. 19 डिसेंबरला अकोबो इथल्या छोट्या तळावर सशस्त्र जमाव चालून आला. आत आसरा घेतलेल्या लोकांना वाचवताना आपले दोन सैनिक धारातीर्थी पडले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गुमुरुकजवळच्या हल्ल्यात पाच जण गेले होते. केरेनपासून अकोबोपर्यंत, सुदानच्या मातीशी आपलं देणं-घेणं असं आहे.

उस्ताझनी काढलेला चौथा झेंडा संयुक्त राष्ट्रांचा, फिकट निळा. तो काढताना त्यांना खडू कमी पडला, म्हणून अर्धाच रंगवला. म्हणाले, "हा आमचा नाही. पण याच्याखाली रात्री झोप लागते."

मी गणवेशात होतो, दंडावर तिरंगा होता, डोक्यावर निळी टोपी होती, आणि त्या वाक्याचं मला कौतुक वाटायला हवं होतं. वाटली ती लाज म्हणावी अशी काहीतरी भावना. ज्या झेंड्यासाठी माणूस आयुष्यभर थांबला, तो आल्यावर त्याला त्याच झेंड्याच्या सैनिकापासून लपावं लागलं. झेंड्याचा अर्थ सरकारी पत्रकात लिहिलेला असतो हे खरं, पण लोक तो गणवेशातल्या माणसाच्या वागण्यावरून वाचतात. चौकीवरचा शिपाई बाईमाणसाशी कसा बोलतो, परक्या जमातीच्या पोराला पाणी देतो की दांडा दाखवतो, यावरून. आपण फौजी लोक निशाणाच्या मानाबद्दल फार बोलतो. तो मान सगळा आपल्या हातात असतो आणि घालवणंही आपल्याच हातात असतं, हे मी मलाकालला शिकलो.

उत्तरेची गोष्टही तिथं थांबली नाही. डिसेंबर 2018 पासून खार्तुममध्ये आणि इतर शहरांत लोक रस्त्यावर उतरले. एप्रिल 2019 मध्ये ओमर अल-बशीरची तीस वर्षांची राजवट गेली. त्या गर्दीत बऱ्याच तरुणांच्या हातात निळा-पिवळा-हिरवा झेंडा होता. त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी उतरवलेला झेंडा! कोणीतरी घरात जपला असेल, कोणाच्या आजीनं सांगितला असेल. त्या पोरांना बहुधा तेच म्हणायचं होतं की सगळ्यांचा होता तो झेंडा आम्हाला परत हवा. झालं मात्र भलतंच. 15 एप्रिल 2023 ला तिथलं लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडलं. ऑपरेशन कावेरीत आपल्या नौदलानं आणि हवाई दलानं साडेतीन हजारांहून जास्त लोकांना बाहेर काढलं. तिथल्या सामान्य माणसाला मात्र काढायला कोणी आलं नाही.

मलाकाल सोडताना उस्ताझना भेटायला गेलो. माझ्या अकादमीतल्या इमारतीला कुठल्या सुदानचं नाव आहे, याचं उत्तर तोवर मी शोधून ठेवलं होतं. म्हटलं, "उस्ताझ, तुमच्या पहिल्या झेंड्याचा सुदान." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "म्हणजे त्याचं एक घर अजून शाबूत आहे."

गेल्या वर्षी कोर्सच्या गेट-टुगेदरला खडकवासल्याला गेलो होतो. बायको-मुलं बरोबर होती. सुदान ब्लॉकसमोर सगळ्यांनी फोटो काढले. मुलीनं विचारलं, "बाबा, याचं नाव सुदान का?" पंचवीस वर्षांपूर्वी मला न पडलेला प्रश्न तिला पहिल्या पाच मिनिटांत पडला. मी पायरीवर बसलो आणि तिला डायरीतल्या त्या पानाचा मोबाईलवरचा फोटो दाखवला. निळा, पिवळा, हिरवा. "छान आहे हा," ती म्हणाली. "मग बदलला का?"

तिला सांगायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ मी घेतला.

जय हिंद.